आधी जागा सोडा, मग काठ सजवा

पुण्यात मुळा-मुठेचा विषय निघाला की दोन्ही बाजू पाच मिनिटांत दक्षिण कोरियाच्या सोलला पोहोचतात. नदीला तटबंध घालून काठ फिरण्याजोगा करण्याच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचे समर्थक मोबाइलवर तिथल्या चाँगेचॉन ओढ्याचा फोटो उघडून दाखवतात. उंच इमारतींच्या मधून वाहणारं स्वच्छ पाणी, काठावरच्या दगडांवर बसून पाय भिजवणारी ऑफिसातली माणसं. 'हे आपल्याकडे का होऊ नये?' विरोधक तोच फोटो बघून म्हणतात, ही कसली नदी, हा तर पंपावर चालणारा काँक्रीटचा पाट. दोघांचं म्हणणं अर्धं खरं आहे, पण दोघंही फोटोत जे दिसतं त्यावरच भांडत राहतात. जे दिसत नाही त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्या जागी एक रस्ता होता आणि तो आता नाही. शहरातली नदी परत आणायची तर शहराला स्वतःचं काहीतरी सोडावं लागतं, रस्ता म्हणा, बांधकाम म्हणा, सवय म्हणा. ज्या प्रकल्पात शहर स्वतःचं काहीच सोडत नाही आणि उलट नदीच्याच पात्रात आणखी पुढे सरकतं, त्याला पुनरुज्जीवन म्हणायला माझा ठाम विरोध आहे.

चाँगेचॉन हा सोलच्या जुन्या शहरातून वाहणारा ओढा. शहराची घाण आणि डोंगरावरची माती त्यातच यायची. १७६० मध्ये राजा योंगजोनं हजारो माणसं लावून त्यातला गाळ उपसला होता, म्हणजे तेव्हाही तो काही निर्मळ झरा नव्हता. कोरियन युद्धानंतर निर्वासितांच्या झोपड्या काठावर उभ्या राहिल्या, पाणी काळं झालं आणि १९५८ पासून सरकारनं ओढ्यावर स्लॅब टाकायला सुरुवात केली. पुढे त्या स्लॅबवर उन्नत महामार्ग उभा राहिला. एका पिढीसाठी तो महामार्ग म्हणजे देशाच्या प्रगतीची खूण होती. तोच २००३ च्या जुलैमध्ये पाडायला घेतला तेव्हा वरचा आणि खालचा रस्ता मिळून दिवसाला दीड लाखाहून अधिक वाहनं तिथून जात होती. दोन-सव्वादोन वर्षांत सुमारे ५.८ किलोमीटरचा ओढा उघडा झाला. महामार्गाचे तीन खांब मुद्दाम पाण्यात तसेच ठेवले आहेत, माथ्यावर सळया बाहेर आलेले. इथे काय होतं हे पुढच्या पिढीला कळावं म्हणून.

आता विरोधकांचा मुद्दा. चाँगेचॉनमधलं बहुतेक पाणी हान नदीतून पंपानं आणलेलं आहे, दिवसाला साधारण १२ कोटी लिटर. त्यात भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत झिरपणाऱ्या भूजलाची भर. पंप बंद पडले तर फोटोतला ओढा बहुतांशी कोरडा पडेल. हे मान्यच करायला हवं. कामही घाईत झालं, महापौरांच्या कारकिर्दीत फीत कापली जावी या हिशेबानं, आणि तेच महापौर ली म्युंग-बाक पुढे २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. पण त्याच प्रकल्पाचं एक अंग जमिनीखाली आहे. ओढ्यात स्वच्छ पाणी सोडण्याआधी दोन्ही काठांलगत मोठ्या वाहिन्या टाकून शहराचं मैलापाणी अडवलं आणि शुद्धीकरण केंद्राकडे वळवलं. पात्राची रचना दोनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा हिशेब धरून केली. म्हणून सोल ही नदीच्या निसर्गाची गोष्ट नाही हे मी मान्य करतो, पण क्रमाची आणि त्यागाची गोष्ट ती नक्कीच आहे. आपण तिथून उचलल्या फक्त पायऱ्या आणि दिवे.

नदीकाठ सुधारच्या बाजूनं मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा सुशोभीकरणाचा नाही, नात्याचा आहे. लोक नदीपाशी जाऊ शकले तरच त्यांना तिची काळजी वाटेल. पुण्यातली नदी आज बहुतेकांना पुलावरून जाताना काच वर करण्यापुरतीच माहीत आहे. काठावर राडारोड्याचे ढीग, अंधार, दारूच्या बाटल्या. तिथे बाईमाणसानं संध्याकाळी एकटीनं जावं अशी परिस्थिती नाही. 'नदीला तसंच राहू द्या' म्हणणाऱ्यांनी हे रोज भोगणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं? मी स्वतः बंडगार्डनजवळच्या नव्या काठावर तीन-चार वेळा गेलो आहे. शेवटच्या वेळी एक साठी उलटलेलं जोडपं होतं. काका बायकोचा फोटो काढत होते. दोन पावलं डावीकडे, जरा मागे, आता मान वळव, असं सांगत होते. सगळी कसरत कशासाठी हे त्यांच्या मागे उभा राहिल्यावर कळलं. काकूंच्या उजव्या हाताला एका नाल्याचं तोंड होतं. करड्या रंगाचं पाणी, वर फेस, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून तयार झालेली एक झालर. फोटो छान आला असेल. काकूंनी पदर मात्र नाकावरून फोटोपुरताच खाली घेतला होता.

त्या जोडप्याला तिथे जावंसं वाटलं हे प्रकल्पाचं यश आहे, मी ते नाकारत नाही. पण नाल्याच्या तोंडाशी बांधलेल्या पायऱ्यांवर हे नातं किती दिवस टिकेल? ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दोन कामांची पायाभरणी एकाच दिवशी झाली. एक, नदीच्या पहिल्या नऊ किलोमीटरच्या काठाचं काम, १,०८० कोटींहून अधिक खर्चाचं. दुसरं, अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचं, १,४७० कोटींहून अधिक खर्चाचं. यातल्या दुसऱ्या कामासाठी जायका या जपान सरकारच्या अर्थसाहाय्य संस्थेशी कर्जाचा करार २०१६ च्या सुरुवातीलाच झाला होता. सहा वर्षं ते काम कागदावर फिरत राहिलं आणि शेवटी काठाच्या कामाबरोबर एकाच पंगतीत बसलं. काठ दिसतो, शुद्धीकरण केंद्र दिसत नाही. राजकारणात दिसणाऱ्या कामाला मत मिळतं, हे समजून घेता येतं. पण नदीला ते समजत नाही. शहराच्या जुन्या केंद्रांची क्षमता दिवसाला ४७७ दशलक्ष लिटर आणि नव्या अकरांची ३९६. हा हिशेब मांडला गेला तेव्हा २०१७ मध्ये आलेली ११ आणि २०२१ मध्ये आलेली २३ गावं पालिकेच्या हद्दीत नव्हतीच. त्या गावांच्या ओढ्यांतून आज काय वाहतं हे आंबेगाव, नऱ्हे, मांजरीकडे राहणाऱ्यांना विचारा. वरून पिंपरी-चिंचवडचं पाणी पवनेतून दापोडीला मुळेत येतं ते वेगळंच.

सिंगापूरचं उदाहरण या ठिकाणी सोलपेक्षा जास्त उपयोगी आहे. १९७७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कलांग खोरं दहा वर्षांत स्वच्छ करायचं लक्ष्य दिलं. ती दहा वर्षं घाणीचे उगम बंद करण्यात गेली. डुकरांचे आणि बदकांचे गोठे हलवले, काठावरच्या वस्त्यांना मैलावाहिनी असलेली घरं दिली, रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना पाणी आणि गटार असलेल्या केंद्रांत नेलं, मालवाहू पडाव नदीतून बाहेर काढले. आज पर्यटक ज्या बोट की आणि क्लार्क की या काठांवर गर्दी करतात ते त्यानंतर सजले. हुकूमशाही वळणाच्या राज्यकर्त्याला जमलं म्हणून आपण ते बाजूला सारू शकतो. पण 'आधी गटार, मग घाट' हा क्रम ठेवायला हुकूमशाही लागत नाही, निविदा काढण्याचा क्रम बदलावा लागतो.

आणि मुळा-मुठा पुण्यात संपत नाही. ती रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, उजनीतून सोलापूरला पिण्याचं पाणी जातं आणि आषाढीला पंढरपूरसाठी चंद्रभागेत पाणी सोडलं जातं. माझी आत्या तीस-पस्तीस वर्षं वारीला जाते. येताना घासून लख्ख केलेल्या पितळी गडूतून चंद्रभागेचं तीर्थ आणते आणि घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर ठेवते. लहानपणी आम्ही ते पिऊन उरलेला ओला हात डोक्यावरून फिरवायचो. आता आत्याच सांगते, नुसतं डोळ्यांना लावा. तिला हे कुणी शिकवलेलं नाही, तिनं वाळवंटात उभं राहून पाणी बघितलं आहे. पुण्याच्या नदीकाठाचं यश मोजायचं तर ते बंडगार्डनच्या कठड्यावर मोजून भागणार नाही, दौंड-इंदापूरच्या विहिरीत आणि पंढरपूरच्या वाळवंटात मोजावं लागेल. या प्रकल्पाच्या कोणत्या जाहिरातीत पंढरपूर आहे?

अहमदाबादचा दाखला समर्थक नेहमी देतात, आणि पुण्याचा आराखडाही अहमदाबादच्याच सल्लागार संस्थेनं केला आहे. साबरमतीच्या काठावर संध्याकाळी हजारो लोक येतात, मुलं सायकली फिरवतात, हे मी पाहिलं आहे आणि मला ते आवडलं आहे. पण तिथलं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आणि वासणा बॅरेजला अडवलेलं आहे. बॅरेजच्या खाली गेलात की कारखान्यांचं आणि गटाराचं पाणी वाहतं. काठाचं उद्घाटन २०१२ मध्ये झालं आणि त्यानंतर नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, गुजरात उच्च न्यायालयाला साबरमतीच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. शिवाय नदीची कमी-जास्त रुंदी एकसारखी २६३ मीटर करून दोन्ही बाजूंना जमीन काढली गेली. अहमदाबादची साबरमती वर्षातले बरेच महिने कोरडी असायची, म्हणून तिथे हे खपून गेलं. पुण्याची नदी सह्याद्रीच्या कुशीतून निघते. तिच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्याच्या खुणा पेठांतल्या भिंतींवर आजही दाखवल्या जातात. अशा नदीला अहमदाबादचं माप कसं बसेल?

पुराच्या मुद्द्यावर समर्थक सांगतात की पात्रातला राडारोडा आणि अडथळे काढून पाणी जायला वाट मोकळी केली जाईल, म्हणून उलट पूरपातळी खाली येईल. राडारोडा काढायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण २५ जुलै २०२४ ला काय झालं ते आठवा. पुराचं पाणी कुठवर येईल ते दाखवणारी मुठेची निळी पूररेषा ६० हजार क्युसेक विसर्गाला आणि लाल रेषा एक लाखाला आखलेली आहे. त्या दिवशी खडकवासल्यातून साधारण ३५ हजार क्युसेक सुटलं, म्हणजे निळ्या रेषेच्या हिशेबाच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त, आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. माझा मावसभाऊ तिथे तळमजल्यावर राहतो. पहाटे पाणी आलं तेव्हा त्यानं आईला खांद्यावर घेऊन जिना चढवला आणि परत खाली आला तोवर फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. स्विचबोर्डाच्या वर चार बोटं मातीची रेघ उमटली होती. त्याच पहाटे पुलाची वाडी इथे हातगाडी पाण्यातून हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्यानं गेले. निम्म्या पाण्यात ही गत होते याचा अर्थ पात्र गेल्या काही वर्षांत भरावानं आणि बांधकामानं आक्रसलं आहे. शिवाय धरणाचं दार आपल्या हातात असलं तरी धरणाच्या खालचा पाऊस कुणाच्या हातात नाही. टेकड्यांवरून, ओढ्यांतून येणारं पाणी खडकवासल्याच्या आकड्यात मोजलं जात नाही. अशा वेळी काठालगत तटबंध आणि त्यामागे भराव टाकणं म्हणजे आक्रसलेल्या पात्राला कायमचं आक्रसलेलं ठेवणं आहे.

ओढ्यांचं तर पुण्याला जुनं शिक्षण मिळालेलं आहे. नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचा प्रवाह वळवला, शहर वाढायला जागा झाली, पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. त्या काळी ओढ्याला नव्या वाटेनं जायला शेतं आणि माळ होता. पुढच्या पिढ्यांनी ती नवी वाटही भिंती घालून अरुंद केली, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजपासून दत्तवाडीपर्यंत ओढ्यानं घरं, गाड्या आणि माणसं नेली. वळवणं हा गुन्हा नव्हता. वळवलेल्या पाण्याला जागा न ठेवणं हा होता.

दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही माझं एक भांडण आहे. 'नदी मूळ स्वरूपात आणा' असं म्हणणाऱ्यांनी मूळ म्हणजे कुठलं साल हे सांगावं. खडकवासल्याचं धरण एकोणिसाव्या शतकातलं आहे. पन्नास-साठ लाख माणसं जिच्या खोऱ्यात राहतात ती नदी मानवी हाताशिवाय आता स्वच्छ होणार नाही. काहीच करू नका असं म्हटलं तर ती जागा नदीला मिळत नाही, रात्री डंपर रिकामे करणाऱ्याला मिळते. हस्तक्षेप हवाच, फक्त त्याची दिशा उलटी हवी. सिंगापूरमधल्या बिशान उद्यानात कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा होता. पूर येऊ नये म्हणून तो इंजिनिअरांनीच बांधला होता. तो तोडून २०१२ पर्यंत तिथे ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली गेली, मातीच्या उताराची, गवताची. पाऊस नसताना लोक त्या उतारावर बसतात, मुलं प्रवाहात मासे शोधतात. पाऊस वाढला की भोंगे वाजतात, माणसं वर येतात आणि बागच पूरमैदान होते. लोकांना नदीपर्यंत न्यायचं आणि नदीला पसरायलाही द्यायचं, हे दोन्ही एकत्र होतं. काठावर फिरायला मिळावं म्हणून तटबंध लागतोच हा समज या एका बागेनं खोटा ठरवला आहे.

मग 'सोडायचं कुणी' हा प्रश्न उरतो, आणि आशियातल्या बहुतेक शहरांत त्याचं उत्तर ठरलेलं आहे: गरिबांनी. सोलमध्ये व्यापाऱ्यांशी चार हजारांहून अधिक बैठका झाल्या असं सरकार सांगतं, पण पदपथावरच्या विक्रेत्यांना आधी दोंगदेमुनच्या स्टेडियममध्ये हलवलं आणि काही वर्षांत ते स्टेडियमही पाडलं तेव्हा पुन्हा उठवलं. साबरमतीच्या काठावरून हजारो कुटुंबं शहराबाहेर गेली. पुण्यात आंबील ओढ्याच्या वस्तीवर बुलडोझर गेला तो २०२१ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात. पूररेषेतली वस्ती धोक्यात असते हे खरं आहे, आणि त्या माणसांना सुरक्षित घर मिळणं हा त्यांचा हक्क आहे. पण झोपडी पूररेषेत असली की ते अतिक्रमण, आणि सीमाभिंत घातलेली सोसायटी, लग्नाचं लॉन किंवा मेट्रोचे खांब पूररेषेत असले की तो विकास, हा न्याय कुठला? नदीपात्राच्या कडेनं मेट्रो नेऊ नका म्हणून २०१६ मध्ये काही पुणेकर हरित लवादाकडे गेले होते. मेट्रो नदीकडेनंच गेली.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: इतक्या गर्दीच्या शहरात रस्ता काढणं शक्य नाही. सोलमध्येही हेच म्हटलं जात होतं. महामार्ग पाडायला घेतला त्याच्या पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, तिथे बसव्यवस्था मुळापासून बदलली, बससाठी रस्त्याच्या मधोमध मार्गिका दिल्या, आणि शहर थांबलं नाही. अर्थात तो महामार्ग इतका जीर्ण झाला होता की त्याच्या दुरुस्तीवर मोठा खर्च करावाच लागणार होता, त्या रेट्याचा फायदा सोलला झाला. टोकियोला उशीर झाला. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी त्यांनी निहोनबाशीच्या ऐतिहासिक पुलाच्या डोक्यावरून, नदीवरूनच उन्नत मार्ग नेला, कारण खासगी जमीन घेण्यापेक्षा नदी स्वस्त होती. आता तोच मार्ग जमिनीखाली नेण्याचं काम चालू आहे आणि ते पूर्ण व्हायला २०४० साल धरलं आहे. नदीची जागा फुकट समजून घेतली की तिचं बिल नातवंडांच्या नावानं येतं.

पुण्याचा चाँगेचॉन शोधायला लांब जायला नको. डेक्कनजवळचा नदीपात्रातला रस्ता आणि दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा भिडे पूल काढण्याचा विषय कितीतरी वर्षं निघतो आणि वाहतुकीच्या नावाखाली मागे पडतो. नदीसाठी काही करायचं आहे ना? मग तिथून सुरुवात करा. त्याआधी त्या मार्गांवर पुरेशा बस द्या. पेठांतून डेक्कनला जाणाऱ्या मलाही त्याचा त्रास होईल, मी रोज तोच पूल वापरतो, आणि तो सोडायला मी तयार आहे. जो काठ बांधून झाला आहे तो तोडा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या टप्प्याची निविदा निघण्याआधी तीन गोष्टी जाहीर सांगितल्या जाव्यात: त्या टप्प्यात उतरणाऱ्या प्रत्येक नाल्याचं मैलापाणी कोणत्या केंद्रात जाणार आणि ते केंद्र चालू झालं आहे का, २०२४ च्या अनुभवानंतर पूररेषा नव्यानं मोजल्या का, आणि त्या टप्प्यात नदीला किती जमीन परत मिळाली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शून्य असेल तर ती निविदा निघू नये, आणि ते उत्तर सिंहगड रस्त्यापासून पंढरपूरपर्यंत प्रत्येकाला वाचता येईल अशा मराठीत छापलं जावं.